शून्याची तांबडी खूण

"अंदाज़े से दबा रही है, जी. सुनके नहीं."

सोढी मॅडम माझ्या बाबांना हळूच सांगत होत्या. म्हणजे त्यांच्या समजुतीने हळूच. वीज गेली होती आणि खिडकीबाहेर ऑपरेशन थिएटरांपुरता जनरेटर धडधडत होता. कान तपासायच्या त्या बंद खोलीतला पंखा थांबला, म्हणून त्यांनी दार उघडं टाकलं होतं. मी आत स्टुलावर बसले होते, हेडफोन गळ्यात, बटण हातात. एवढ्या धडधडीत धड कानाच्या माणसाला काही ऐकू येत नाही, तर हिला कुठलं येतंय, असं त्यांना वाटलं असणार.

मला शब्द न् शब्द ऐकू आला.

गोंगाटात मला नेहमीच बरं ऐकू यायचं. कारण नंतर कळलं. गोंगाटात सगळेच आवाज चढवून बोलतात, आणि तो गोंगाट माझ्यापर्यंत निम्माच पोचतो. तोपर्यंत मी स्वतःला सांगत आले होते की बसमध्ये, बाजारात मला सगळं नीट ऐकू येतं, म्हणजे माझे कान ठीक आहेत. घरी शांततेतच काय ते चुकतं, आणि ते माझं लक्ष नसतं म्हणून.

"शी इज अ व्हेरी ट्रुथफुल गर्ल, मॅडम," बाबा म्हणाले. दुखावले की ते इंग्रजीत जातात.

"झूठ कौन बोल रहा है जी? मेरा मुँह देखके दबाती है. मैं साँस लेती हूँ, ये बटन दबा देती है."

वीज आली. सोढी मॅडम आत आल्या, त्यांनी माझं स्टूल भिंतीकडे वळवलं आणि हेडफोन पुन्हा माझ्या कानांवर बसवले. भिंतीला भोकाभोकांचे पांढरे पत्रे लावले होते. मी त्या भोकांकडे बघत बसले. बटण बराच वेळ दाबलं नाही. माझ्या पाठीमागे यंत्र चालू होतं, त्यातून सूर येत होते, आणि ते माझ्यासाठी नव्हते.

*

तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. आम्ही चंदीगडला सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत इंजिनिअर होते आणि मोजमापाची यंत्रं बनवायचे. आई कऱ्हाडची. मराठी लिहायला मला तिनेच शिकवलं, नाहीतर माझी शाळा कॉन्व्हेंट, मैत्रिणी पंजाबी, आणि घरात मी आईच्या मराठीला अर्धं हिंदीत उत्तर द्यायचे.

शाळेत सिस्टर्स मला म्हणायच्या, "स्पीक अप, चाइल्ड." मला कळायचं नाही की किती अप. माझा आवाज मला माझ्या डोक्यात चांगला मोठा ऐकू यायचा. उलट आपण ओरडतोय असं वाटून मी आणखी हळू बोलायचे. सगळ्यांनी ठरवलं, मुलगी लाजाळू आहे. मीही ते मान्य केलं. लाजाळू असणं सोपं असतं, त्यात काही विचारावं लागत नाही.

एका माणसाला दिवसातून किती वेळा 'पार्डन?' म्हणता येतं? दोनदा म्हटलं की समोरचा वैतागतो. मग मी 'हो' वर आले. घरात 'हो', बाहेर 'हाँ जी', कॉलेजात 'येस मॅम'. माणसं प्रश्न विचारतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना 'हो'च हवं असतं, त्यामुळे हे पुष्कळ वर्षं चाललं.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी अशी 'गुणी' मुलगी असेल, तर तिच्याशी एकदा तिच्या पाठीमागे उभं राहून बोलून बघा.

*

बाबांच्या विभागात एक यंत्र तयार होत होतं. शाळांमध्ये मुलांचे कान तपासता येतील असं, स्वस्त, इथेच बनणारं. ॲल्युमिनियमचा डबा, त्यावर दोन गोल खुंट्या. एकीने सूर जाड-बारीक करायचा, दुसरीने लहान-मोठा. डब्याला हेडफोन जोडलेला. निरोगी तरुण कानाला अगदी जेमतेम ऐकू येतो तो आवाज म्हणजे शून्य. तिथून पुढे माणसाला किती कमी ऐकू येतं ते मोजायचं. ते शून्य ठरवायचं खरं उपकरण परदेशातून यायचं होतं आणि ते कुठल्याशा परवानगीत अडकून बसलं होतं.

बाबांना थांबवत नाही. त्यांनी डबा घरी आणला.

त्या दिवसांत शहरात कर्फ्यू लागायचा. पंजाबात काही घडलं की इकडे रस्ते मोकळे व्हायचे, दुकानांची शटरं पडायची, सीआरपीच्या जीपखेरीज काही हलायचं नाही. आई गॅसवर डाळ ठेवून ट्रान्झिस्टरवर बातम्या लावायची. बाबा तो बंद करायचे.

"अगं, अशी शांतता लॅबमध्ये लाख रुपये खर्चून मिळणार नाही! अनू, ये बस."

"बाहेर माणसं मरतायत आणि तुम्हाला शांततेचं कौतुक," आई म्हणायची.

"मी काय मारतोय का त्यांना? कुकर बंद कर जरा."

मी पलंगावर बसायचे, हेडफोन लावून, डोळे मिटून. बाबांनी सांगितलं होतं, ऐकू आलं की बोट वर कर. ते खुंटी अगदी सावकाश फिरवायचे. मला सूर लागला की मी बोट वर करायचे. तिथे ते आईच्या नेलपॉलिशने डब्यावर एक तांबडी रेघ मारायचे. प्रत्येक सुरासाठी एक. ही झाली शून्याची खूण. "वीस-एकवीस वर्षांचा कान," ते समाधानाने म्हणायचे, "याहून चांगला नमुना कुठे मिळणार?"

मला फार छान वाटायचं. मला विचारलं जात होतं, आणि उत्तर द्यायला बोलावं लागत नव्हतं. तिथे मी एकदाही खोटं बोट वर केलं नाही. डोळे मिटलेले होते, बघून अंदाज करायला काही नव्हतं.

मग बाबांनी तो डबा सहकाऱ्यांवर लावला. सगळ्यांना खुणेच्या कितीतरी खाली ऐकू येऊ लागलं. पन्नाशीच्या स्टोअरकीपरलासुद्धा. बाबा हसत घरी आले. "आमच्या लॅबात सगळी वटवाघळं भरलीयेत!" दुसऱ्या दिवशी हसू कमी झालं. त्यांनी ठरवलं, हेडफोन बिघडला. त्यांनी त्याच्या कानावरच्या गाद्या बदलल्या, वायर बदलली, दुसरा हेडफोन आणून तोही खोलला. जन्मभर यंत्रांवर संशय घेत आलेला माणूस आणखी कशावर संशय घेणार?

*

एका दुपारी ते डबा परत लॅबमध्ये नेत होते. मला त्याच वाटेवर लायब्ररीत जायचं होतं, म्हणून स्कूटरवर मी मागे, मांडीवर डबा, पिशवीतून हेडफोनची वायर बाहेर लोंबणारी. चौकात नाका होता. वाळूच्या गोण्या, आडवा बांबू, पाच-सहा जवान. थंडीचे दिवस, त्यामुळे ज्याने आम्हाला थांबवलं त्याने नाकापासून गळ्यापर्यंत मफलर गुंडाळला होता.

बाबा स्कूटरचे कागद काढत होते. तो माझ्याकडे वळला. मफलर हलला. त्याने काहीतरी विचारलं होतं. ओठ दिसत नव्हते.

"हाँ जी," मी म्हटलं.

मफलर पुन्हा हलला. बाबांनी गर्रकन मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी आयुष्यात तसा पाहिला नव्हता.

"हाँ जी," मी म्हटलं, आणि हसले. न ऐकता 'हो' म्हटलं की मी हसते, म्हणजे पुढचं टळतं.

पुढच्या क्षणी दोन बंदुका माझ्याकडे रोखलेल्या होत्या आणि बाबा दोन्ही हात वर करून ओरडत होते. ओरडले म्हणून मला ऐकू आलं. "बच्ची है! सुना नहीं इसने! साइंस का सामान है!"

त्याने पहिल्यांदा विचारलं होतं, "डिब्बा तुम्हारा है?" आणि दुसऱ्यांदा, थट्टेत, "बम-वम तो नहीं है इसमें?"

डबा माझ्या मांडीवरून कोणी उचलला, मला उतरवलं कोणी, काही आठवत नाही. आठवतो तो थेट हवालदार. टेबलावर डबा ठेवून बाबा त्याला समजावत होते की हे कान तपासायचं यंत्र आहे. हवालदार म्हणाला, "तो चलाके दिखाओ." आधी हेडफोन बाबांनी स्वतः लावला, मग हवालदाराच्या डोक्यावर चढवला. त्यांनी जाड सूर लावला, खुंटी तांबड्या खुणेवर आणली.

हवालदाराने हेडफोन उपटून काढला. "ओए, कान फाड़ेगा क्या?"

बाकीचे हसले. मग त्यांना मजा वाटायला लागली. दिवसभर गोण्यांमागे उभं राहून कंटाळलेली पोरं होती ती. "मेरा भी देखो, साबजी." "इसका देखो, ये तो घरवाली की भी नहीं सुनता." एकेक जण हेडफोन लावून बसायचा, बाबा खुंटी खाली आणायचे, तो बोट वर करायचा. आणखी खाली, तरी बोट वर. शेजारून ट्रक चालले होते. ही माणसं रोज बंदुकीच्या आवाजात काम करणारी, आणि माझ्या शून्याच्या कितीतरी खाली त्यांना सूर ऐकू येत होता. सूर लागला की प्रत्येकाचे डोळे किंचित वर जायचे. मी ते डोळे बघत होते.

बाबांनी खुंटीवरचा हात काढला. ते कोणाकडेच बघत नव्हते. मग त्यांनी हेडफोन उचलला, माझे केस मागे सारले आणि माझ्या कानांवर ठेवला. सूर तोच, खुंटी त्या शेवटच्या जवानासाठी होती तिथेच.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. बोट वर केलं नाही.

"हेडफोन चांगला आहे," बाबा मराठीत म्हणाले. कोणाला उद्देशून, माहीत नाही.

*

घरी त्या दिवशी जेवताना फक्त भांड्यांचा आवाज होता, म्हणजे इतरांना असावा. मग आई बोलली.

"पोरीच्या बहिरेपणावर रेघा मारत बसलात तुम्ही. माझ्या नेलपॉलिशने."

"तू तिच्याबरोबर दिवसभर असतेस. तुला कळलं नाही?"

आई उठून आत गेली. थोड्या वेळाने आली ती माझ्यासमोर बसली, तोंड माझ्याकडे करून. "माझी मावशी अशीच होती. आजीपण. आमच्याकडच्या बायकांना कानाने कमी असतं, असं सगळे म्हणायचे. गव्हाळ रंग असतो तसं. मला वाटलं, तू अजून लहान आहेस."

म्हणजे तिला कळलं होतं. तिने वाट बघितली होती की कळलेलं खोटं ठरेल. तिचा मला राग आला, आणि मग आला नाही. मीही तेच केलं होतं.

*

हॉस्पिटलमध्ये, भिंतीकडे तोंड करून झालेल्या त्या तपासणीनंतर सोढी मॅडमनी हेडफोन काढला आणि एक लहानसा चौकोनी ठोकळा माझ्या कानामागच्या हाडावर दाबून बसवला. यंत्र चालू केलं.

सूर आला. जाड, गोल, अगदी स्वच्छ, थेट डोक्याच्या मध्यात. नाक्यावर त्या जवानांचे डोळे ज्याने वर गेले, तो हाच असणार. मी बटण दाबायचं विसरले. सोढी मॅडमनी स्टूल वळवून माझा चेहरा पाहिला आणि यंत्र बंद न करता तसंच थोडा वेळ चालू ठेवलं.

सर्जननी चित्र काढून दाखवलं. कानाच्या आत एक फार लहान हाड असतं, ते हलतं म्हणून आपल्याला ऐकू येतं. माझं ते जखडत चाललं होतं, गंजलेल्या बिजागरीसारखं. आतली नस ठीक होती, म्हणूनच हाडावाटे सूर पोचला होता. ऑपरेशन करून त्या हाडाच्या जागी एक बारीकशी तार बसवतात. आधी वाईट कान, म्हणजे डावा.

"और अगर ठीक न हो?" आईने विचारलं.

"क्वचित असं होतं की आहे तेवढंही जातं," असं ते हिंदीत म्हणाले, शांतपणे. "पूरा. फिर उस कान में मशीन भी काम नहीं करती." आणि माझ्याकडे बघून, "तुम बताओ, बेटा. करना है?"

"हाँ जी," मी म्हटलं. ते खरं होतं की सवयीचं, तेव्हा मला सांगता आलं नसतं.

*

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर बीजी होत्या. सगळे त्यांना बीजीच म्हणायचे. तरनतारनकडच्या एका खेड्यातल्या. बाजारात स्फोट झाला तेव्हा त्या भाजीच्या गाडीपाशी होत्या. अंगाला ओरखडाही नाही, पण दोन्ही कानांचे पडदे फाटले. त्या ओरडून बोलायच्या पण ठेठ खेड्यातल्या पंजाबीत, मी पुटपुटायचे, आणि दोघींनाही एकमेकींचं फारसं काही कळायचं नाही. नर्स थट्टेत म्हणायची, अशी शांत जोडी वॉर्डात आजवर झाली नाही.

"कुड़ी बोलदी क्यों नईं?" त्या आईला विचारायच्या, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा. "गूँगी ए?"

"शर्मीली है," आई हातवारे करून सांगायची.

सकाळी साडेपाचला दिवे, मग थर्मामीटर, मग चहा, मग राउंड. राउंडला डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभे राहून आपसात बोलायचे आणि मी मान हलवायचे. बीजी मान हलवायच्या नाहीत. "उच्ची बोल, काका!" त्या मोठ्या डॉक्टरला दटावायच्या (पंजाबीत काका म्हणजे पोरगा), आणि तो बिचारा वाकून पुन्हा सांगायचा.

एकदा त्यांनी मला हातातली पिन्नी, म्हणजे कणकेचा लाडू, देता देता पकडलं. काहीतरी विचारलं होतं, मी मान डोलावली होती. त्यांनी माझा हात सोडला नाही.

"सुणया?"

ऐकलंस का? मी पिन्नीकडे बघायला लागले.

"मैं वी सारी उमर हाँ-हाँ कीती. मेरे घरवाले ने दो मझ्झाँ वेच दित्तियाँ." मी जन्मभर हो-हो केलं आणि नवऱ्याने दोन म्हशी विकून टाकल्या. मग त्या जोरात हसल्या. "ओदों ते कन्न वी ठीक सी!" तेव्हा तर कानही चांगले होते.

त्यांचा मुलगा त्या बाजाराच्या दिवसापासून घरी आला नव्हता. पोलिसांनी नेला की दुसऱ्या कोणी, हे त्यांना कोणी सांगत नव्हतं, की त्यांना ऐकू जात नव्हतं, मला कळलं नाही. भेटायला येणारा दीर त्यांच्याशी बोलताना जमिनीकडे बघायचा. मला ओठ वाचता येतात. त्यांच्यासमोर टाळलेलं तो दाराशी नर्सला सांगत होता ते मी वाचलं, आणि बीजींना सांगितलं नाही.

माझं ऑपरेशन एकदा पुढे गेलं. त्या सकाळी पंजाबातून जखमी माणसं आली, ट्रॉल्या कॉरिडॉरमध्ये उभ्या होत्या, थिएटरं त्यांना लागली. माझे कानामागचे केस भादरून झाले होते. मी उपाशी पोटी खाटेवर बसून होते आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्या वाटण्याची लाज वाटत होती.

संध्याकाळी बाबा आले. माझ्यासमोर स्टूल ओढून, तोंड उजेडाकडे करून बसले. हे ते नव्याने शिकले होते. आईने तर बोलण्याआधी माझ्या मनगटावर दोन बोटं टेकवायची सवय लावून घेतली होती. आजारपणात अशाच बारीक गोष्टींवर दिवस निघतात.

"खुणा पुसल्या मी," बाबा म्हणाले. "स्पिरिटने."

"हो."

"हो म्हणजे? ऐकलंस, की नुसतंच हो?"

हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं.

"ऐकलं," मी म्हटलं. ऐकलं होतं.

*

शेवट आधी सांगून टाकते. मी स्वतः वॉर्डात पडून असं काही वाचत असते तर शेवटचं पान आधी उघडलं असतं. डावा कान वाचला. उजवा अजून आहे तसाच आहे. हे लिहिताना आई स्वयंपाकघरात फोडणी देते आहे आणि मोहरी तडतडते ते मला इथे कळतं आहे. पहिले काही दिवस चक्कर येते, स्वतःचंच चावणं भयंकर मोठं वाटतं, घाबरू नका. पण तो कान वाचला कसा, ते लिहिण्यासाठीच मी एवढं लिहिलं.

ऑपरेशन जागेपणी करतात. कान तेवढा बधिर करतात. चेहऱ्यावर हिरवं कापड टाकलं आणि मला कळलं की आता कोणाचेही ओठ दिसणार नाहीत, खांदा नाही, श्वास नाही. कोणीतरी माझा हात धरला होता, नर्स असावी. कानात खरखर झाली, मग टोकदार काहीतरी फिरलं, मग खोली एकदम गोल गोल गेली आणि स्थिर झाली. मग सगळे थांबले.

सर्जननी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की तार बसवल्यावर मी तुला हळू आवाजात काहीतरी विचारीन, ऐकू आलं तर उत्तर दे. त्यावरून ते ठरवणार होते की तार नीट बसली, की पुन्हा हलवायची. एकदा कान बंद केला की झालं.

आवाज आला. डाव्या बाजूने. कितीतरी वर्षांनी त्या बाजूने काहीतरी आलं. पण ते पाण्याखालून आल्यासारखं होतं, नुसती गुरगुर, त्यात शब्द नव्हते. ते काय विचारत असणार हे मला ठाऊक होतं. 'सुनाई दे रहा है?' दुसरं काय विचारतील? नर्सचा हात घट्ट झाला, सगळ्यांना उत्तर हवं होतं, आणि ते माझ्या जिभेवर तयार होतं.

मी 'हाँ जी' म्हटलं असतं तर त्यांनी तिथेच खूण केली असती आणि तेच माझं शून्य झालं असतं.

कापडाखाली माझा आवाज मला प्रचंड मोठा वाटला. तरी मी आणखी चढवला.

"नहीं, सर. आवाज़ आई, बात नहीं आई. नहीं सुना मैंने. फिर से कीजिए."